वाळवंटातलं हिवाळी घर घ्यायचंय? मग आधी त्याचा उन्हाळा बघून या

प्रश्न: आम्ही दोघं शिकागोजवळ राहतो, वयं ६३ आणि ६६. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. ऑक्टोबर ते एप्रिल ॲरिझोनात टूसॉनच्या आसपास आणि उरलेले महिने इथे मुलांजवळ राहावं असं मनात आहे. तिकडे छोटं घर विकत घ्यावं का? बंद घराची काळजी कशी घेतात? आणि या वयात दोन घरं झेपतात का?

उत्तर:

तुम्ही हिवाळ्याबद्दल काहीच विचारलेलं नाही आणि विचारण्यासारखं फारसं नाहीच. जानेवारीत दुपारी ६५-६६ फॅरनहाइट, म्हणजे १९ सेल्सिअसच्या आसपास, लख्ख ऊन आणि कोरडी हवा. मिनेसोटातली माझी आखडलेली बोटं आठवड्याभरात मोकळी होतात. आम्ही दोघं तेरा हिवाळे ग्रीन व्हॅलीत काढलेत. टूसॉनच्या दक्षिणेला २५ मैलांवरचं हे गाव. दसऱ्याच्या सुमारास यायचं आणि गुढी उतरवली की आवराआवरीला लागायचं, असा नेम आहे. या तेरा वर्षांत जे बिघडलं, ज्यात पैसे गेले, ज्याने झोप उडाली, ते जवळजवळ सगळं आम्ही तिथे नसताना झालं. घर तुम्ही हिवाळ्यासाठी घेता, पण त्याची परीक्षा उन्हाळ्यात होते.

म्हणून पहिलं सांगणं हे, की घरं बघायला जानेवारीत जाऊ नका. तेव्हा कुठलंही घर छान दिसतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात जा. टूसॉनला तेव्हा रोज शंभरी गाठलेली असते, म्हणजे ३८ सेल्सिअस. फिनिक्सला त्याहून जास्त. २०२३ साली तिथे सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला होता. अशा दिवशी दुपारी चारला घरात उभे राहा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. तिकडच्या खिडक्यांवर सावली आहे का, एसी थांबत थांबत चालतोय की सारखा धापा टाकतोय, हे तेव्हाच कळतं. आणखी एक गोष्ट बघा: गल्लीत कोण आहे? जूनमध्ये ज्यांच्या दारात गाडी दिसेल, तेच लोक पुढे तुमच्या बंद घराकडे बघणार आहेत. त्यांची ओळख करून घ्या. घर निवडताना मी स्वयंपाकघरापेक्षा याला जास्त किंमत देईन.

आमचा पहिला उन्हाळा सांगते. एप्रिलमध्ये निघताना आम्ही दिवे घालवले, एसी ८५ फॅरनहाइटवर ठेवला, कुलूप लावलं आणि निघालो. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचं सुचलंच नाही. जुलैत संडासाच्या टाकीला पाणी पुरवणाऱ्या नळीची प्लॅस्टिकची चकती उष्णतेने तडकली. पाणी किती दिवस वाहत होतं कोण जाणे. समोरच्या बाईंना गॅरेजच्या दाराखालून ओघळ आलेला दिसला आणि त्यांनी फोन केला. दोन खोल्यांची जमीन उखडावी लागली, भिंतींचा खालचा दोन फुटांचा भाग कापून काढावा लागला. विमा कंपनीने निम्म्याहून जास्त खर्च नाकारला, कारण घर ठरावीक दिवसांहून जास्त रिकामं असेल तर काय, याचं कलम पॉलिसीत होतं आणि आम्ही ते वाचलं नव्हतं. तुम्ही विमा घेताना 'वर्षातले सहा महिने बंद राहणारं घर' असं स्पष्ट सांगूनच घ्या आणि ते कलम स्वतः वाचा.

घर बंद करायची रीत मला खरी कळली ती २०२० मध्ये. करोनामुळे आम्हाला निघता आलं नाही आणि अख्खा उन्हाळा तिथेच गेला. गल्लीतली बाकीची मंडळी घाईघाईत गेली होती, त्यामुळे नऊ घरांच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. दर आठवड्याला सकाळी सहाला निघून मी एकेका घरात फेरी मारायची. कुठल्या घराला काय होतं, ते डोळ्यांनी पाहिलं. त्यावरून सांगते.

पाणी सगळ्यात आधी. घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि मग सगळे नळ उघडून नळ्यांतला दाब काढून टाका. बऱ्याच घरांत झाडांच्या ठिबकाची लाइन या व्हॉल्व्हच्या आधीच वेगळी काढलेली असते, म्हणजे घराचं पाणी बंद ठेवून झाडांचं चालू ठेवता येतं. तुमच्या घरात तसं आहे का, हे विकत घेण्याआधी विचारा. पाणी गरम करायची टाकी गॅसची असेल तर 'व्हेकेशन'वर, विजेची असेल तर तिचा स्विच बंद.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. बेसिन, न्हाणी, संडास यांच्या खालच्या वळणात जे पाणी थांबलेलं असतं, तेच गटाराचा वास आणि मोठी झुरळं अडवतं. वाळवंटात ते पाणी काही आठवड्यांत उडून जातं. नऊपैकी चार घरांत मला हेच दिसलं: दार उघडलं की वास आणि न्हाणीत झुरळं. उपाय साधा आहे. निघायच्या दिवशी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन-तीन चमचे मिनरल ऑइल सोडा. तेलाच्या थराखालचं पाणी उडत नाही. खायचं तेल वापरू नका, ते खवट होतं. संडासाच्या भांड्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून बसवा.

एसी पूर्ण बंद करायचा मोह होईल, बिल वाचतं म्हणून. करू नका. आतलं तापमान शंभरीपलीकडे गेलं की लाकडी दारं वाकतात, कपाटांचे पापुद्रे सुटतात, फ्रिजचं रबर चिरतं. आम्ही ८५ ते ८८ च्या मध्ये ठेवतो आणि फोनवर तापमान दिसेल असा थर्मोस्टॅट बसवला आहे. निघण्याआधी एसीतून निघणाऱ्या पाण्याची नळी साफ करून घ्या. ती तुंबली तर पाणी छतातून उतरतं. काही लोक लाकूड तडकू नये म्हणून खोल्यांत पाण्याच्या बादल्या भरून ठेवतात. मीही ठेवायची, पण आता ठेवत नाही. पाणी पंधरा-वीस दिवसांत संपतं आणि मग रिकाम्या बादल्याच उरतात.

फ्रिज रिकामा, बंद आणि दारात टॉवेल अडकवून उघडा. मेणबत्त्या, औषधं, सुटे सेल, फवाऱ्याचे डबे घरात ठेवू नका. आपल्या स्वयंपाकघरापुरतं सांगायचं तर कुकरच्या रिंगा बरोबर न्या, नाहीतर ऑक्टोबरात पहिल्याच दिवशी कुकरला शिट्टी येत नाही. गुळाचा पाझर होतो. डाळी-पिठं शेजारीपाजारी देऊन टाका. काही ठेवायचंच असेल तर काचेच्या घट्ट बरण्यांत.

गच्चीबद्दल जरा थांबून सांगते, कारण त्यात लोक फसतात. तिकडची बरीच घरं सपाट छपराची असतात, कडेने बुटका कठडा आणि त्यात पाणी जायला भोकं. वाळवंट म्हटल्यावर पावसाची भीती कुणाला वाटते? पण टूसॉनच्या वर्षभराच्या पावसातला जवळजवळ अर्धा जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो, तोही तासाभरात कोसळणारा. तिथले जुने लोक २४ जूनच्या संत योहानाच्या सणापासून पावसाची वाट बघायला लागतात, जशी आपण मृगाची बघतो. २०२० चा पावसाळा जवळपास आलाच नाही. म्हणून पुढच्या वसंतात कितीतरी घरांनी गच्ची झाडून घेतली नाही, पांढरा थर दिला नाही. आणि २०२१ च्या जुलैत टूसॉनला ८ इंचांहून जास्त पाऊस झाला, तिथल्या नोंदीतला सगळ्यात ओला महिना. पालापाचोळ्याने भोकं तुंबलेली, गच्चीचं तळं झालेलं आणि पाणी खाली झोपायच्या खोलीत. कोकणात मे महिन्यात कौलं चाळायला माणूस बोलवत ना, तसं एप्रिलमध्ये निघण्याआधी गच्चीवर माणूस चढवा. स्वतः चढू नका.

बंद घराला दर आठवड्याला, फार तर दोन आठवड्यांनी, माणसाचे पाय लागले पाहिजेत. पैसे घेऊन हे काम करणारे लोक तिथे आहेत. ठरवताना विचारा: वादळ झालं तर दुसऱ्या दिवशी फेरी माराल का? छताचे, एसीच्या आकड्याचे, ठिबकाच्या घड्याळाचे फोटो पाठवाल का? नुसती दारावरून चक्कर मारणारा माणूस उपयोगाचा नाही.

आता विंचू, साप, उंदीर. मराठी माणूस विंचू म्हटलं की दचकतो. तिथला फिकट पिवळसर बार्क विंचू खरंच वेदना देतो. लहान मुलं आणि वयस्कर लोकांना त्याचा त्रास जास्त. पण तो जांभळ्या अतिनील टॉर्चखाली हिरवट चमकतो. रात्री एकदा टॉर्च घेऊन भिंतीकडेने फिरलं की कळतं आहे की नाही. सकाळी चपला-बूट झटकून घालायची सवय लावा, पुरे. खडखड्या साप (रॅटलस्नेक) हिवाळ्यात बिळात असतात, पण मार्चच्या उन्हात बाहेर येतात, म्हणजे नेमके तुम्ही तिथे असताना. गॅरेजचं दार उघडं टाकू नका. गाडीला उंदरांचा त्रास मोठा: पॅकरॅट नावाचे उंदीर इंजिनात घर करतात आणि वायरी कुरतडतात. गाडी ठेवून जाणार असाल तर बॅटरीला चार्जर लावा आणि गॅरेज खालून घट्ट बंद होतंय ना बघा. आणि फिरायला जाताना खिशात रुंद दातांची फणी ठेवा. चोया नावाच्या निवडुंगाचे गोळे नुसत्या स्पर्शाने पायाला चिकटतात. हाताने काढायला गेलात तर हातात रुततात, फणीने अलगद उडवता येतात.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती व्हॅली फीव्हरची. ॲरिझोनाच्या मातीत कॉक्सिडिओइडिस नावाची बुरशी असते. धुळीबरोबर तिचे बीजाणू फुप्फुसात जातात. अमेरिकेतले बहुतेक रुग्ण ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातच असतात. कित्येकांना काहीच होत नाही. ज्यांना होतं त्यांना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, कमालीचा थकवा येतो आणि तो महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो. माणसाकडून माणसाला होत नाही. मधुमेह असेल तर आजार गंभीर व्हायची शक्यता वाढते आणि आपल्या लोकांत मधुमेह घरोघरी आहे. स्नोबर्डांचं, म्हणजे आपल्यासारख्या हिवाळ्यापुरतं दक्षिणेत येणाऱ्यांचं, संकट असं, की धूळ श्वासात जाते तिकडे आणि आजारी पडतात उत्तरेत आल्यावर. तिथल्या डॉक्टरांच्या डोक्यात हा आजार येतच नाही. माझ्या यजमानांना मे महिन्यात मिनेसोटात न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक्सचे दोन कोर्स झाले. तिसऱ्या खेपेला मीच म्हटलं, आम्ही हिवाळा ॲरिझोनात काढतो, व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी करा. तोच आजार निघाला. तुमच्या शिकागोच्या डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा, कागदावर नोंदवायला लावा. आणि धुळीचं वादळ दिसलं की घरात या, खिडक्या लावा, बागेत कोरडी माती उकरू नका.

विम्याचं तुमच्या वयांमुळे नीट बघा. ६६ वर्षांच्या जोडीदाराचं मूळ मेडिकेअर, म्हणजे ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा, असेल तर ते देशभर चालतं. पण मेडिकेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फतचं मेडिकेअर, असेल, तर त्यातल्या कित्येक योजना ठरलेल्या भागातल्या डॉक्टरांपुरत्याच असतात आणि सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर अडचण येते. ६३ वर्षांच्या जोडीदाराला मेडिकेअर लागायला दोन वर्षं आहेत. तुमच्या इलिनॉय राज्याच्या सरकारी विमा-बाजारातून (मार्केटप्लेस) घेतलेल्या योजनेत ॲरिझोनात फक्त तातडीचे उपचार मिळतील, असं होऊ शकतं. घराची किंमत बघण्याआधी हे बघा.

कराच्या बाबतीत काही लोक सांगतील, ॲरिझोनाचे रहिवासी व्हा, कर फक्त २.५ टक्के. पण इलिनॉय राज्य पेन्शन, सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन), ४०१के (नोकरीतलं निवृत्ती-बचत खातं) यांतून मिळणाऱ्या रकमेवर कर घेतच नाही. तुमचं उत्पन्न त्यातूनच येणार असेल, तर हलण्यात कराचा फायदा नाही. शिकागोचं घरच मुख्य ठेवा आणि मतदान, परवाना, डॉक्टर सगळं तिकडेच असू द्या. टपाल वळवून घेता येतं, पण काही पत्रं वळत नाहीत, थेट परत जातात. बँकेचं आणि विम्याचं सगळं ऑनलाइन करून टाका.

५५ वर्षांवरच्यांच्या वसाहती तुम्हाला खूप दाखवतील. १९६० साली फिनिक्सजवळ सन सिटी उभी राहिली तेव्हापासून ही पद्धत फोफावली. १९९५ च्या कायद्याप्रमाणे अशा वसाहतीत किमान ८० टक्के घरांत एकजण तरी ५५ किंवा त्याहून जास्त वयाचा लागतो. बाकीचे नियम ज्याचे त्याचे. नातवंडं किती दिवस राहू शकतात, हे लेखी वाचा. आमच्या ओळखीच्या एका आजींची मुलगी अचानक दोन मुलांना घेऊन राहायला आली आणि तीन आठवड्यांनी नोटीस आली. त्यात कोणी दुष्ट नव्हतं, नियमच तसा होता. पण त्या आजींनी पुढच्याच वर्षी घर विकलं.

एकटेपणाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. पहिले दोन हिवाळे मला दुपार खायला उठायची. मग हळूहळू ओळखी झाल्या. शेजारच्या सावारीटा गावच्या बागांतले पिकन (अक्रोडासारखा सुकामेवा) डिसेंबर-जानेवारीत उतरतात. त्यांची गुळातली चिक्की मी गल्लीत वाटते, आता लोक तिची वाट बघतात. मार्चमधल्या कोरड्या उन्हात ज्वारीचे पापड दीड दिवसात कडकडीत वाळतात, असं वाळवण मला सोलापूरनंतर कुठे मिळालं नव्हतं. पोळीचं पीठ मात्र जास्त पाणी पितं आणि पोळ्या लगेच झाकल्या नाहीत तर कडक होतात. ॲरिझोनात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे पुण्याशी बारा महिने साडेबारा तासांचाच फरक राहतो. रोज सकाळी साडेसातला माझा बहिणीला फोन ठरलेला, तिच्या रात्री आठला.

फेब्रुवारीत टूसॉनला दगड-खनिजांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे जळगावची हिरवट अपोफिलाइट आणि वाघोलीच्या दगडखाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट काचेच्या पेटीत, दिव्याखाली ठेवलेलं दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नव्हते. वाघोलीहून मी शंभरदा गेले असेन, त्या काळ्या कातळाच्या पोटात हे आहे हे मला टूसॉनला जाऊन कळलं. प्रदर्शनाच्या त्या दोन-तीन आठवड्यांत हॉटेलं आणि भाड्याची घरं फार महाग होतात, तेवढं टाळा.

थंडीचे कपडे मात्र न्या. रात्री पारा फॅरनहाइटच्या चाळिशीत येतो, डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पाणी गोठतं. अशा रात्री लिंबाच्या आणि बोगनवेलीच्या झाडांवर जुन्या चादरी टाका, प्लॅस्टिक नको. बाहेरच्या नळाला गोधडी गुंडाळा. आमची तुळस अशाच एका रात्रीत गेली होती. तेव्हापासून मंजिऱ्या वाळवून डबीत ठेवते आणि दर ऑक्टोबरात नवी पेरते.

देवांचं काय करता, असं मला बायका हमखास विचारतात. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा छोट्या पितळी डबीत घालून माझ्याबरोबर येतात-जातात. तसबिरी तिथेच राहतात. निघताना शेवटचा दिवा लावून, तो शांत झाल्यावरच कुलूप लावते.

झेपतं का? आम्हाला साठीत सहज झेपलं, आता सत्तरीत मेहनत पडते. शिकागो ते टूसॉन गाडीने सतराशे मैलांच्या आसपास आहे; आम्ही इतकाच पल्ला पूर्वी तीन दिवसांत काटायचो, आता पाच लागतात आणि पुढच्या वर्षीपासून विमानानेच यायचं ठरवलंय. आवराआवरीला पूर्वी दोन दिवस लागत, आता आठवडा धरतो. आम्ही दोघांनी आधीच बोलून ठेवलंय, की दोघांपैकी एकाला गाडी चालवता येईनाशी झाली की हे घर विकायचं. ते मुलांनाही सांगून ठेवलंय. घर घेतानाच हे बोललेलं बरं, कारण नंतर त्याच्यात जीव गुंततो.

तुम्ही असं करा. पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, नोव्हेंबर-डिसेंबरसाठी भाड्याने राहा. जानेवारी ते मार्चपेक्षा तेव्हा भाडं कमी असतं. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या गावात राहून बघा, ओरो व्हॅली किंवा ग्रीन व्हॅली. मधल्या जूनमध्ये चार दिवस या. आमच्या गल्लीत तेव्हा आम्ही नसू, पण समोरच्या बाई बाराही महिने असतात. आमच्या गॅरेजखालचा ओघळ ज्यांना दिसला, त्याच. त्यांना सांगून ठेवीन, दुपारी चारला त्या तुम्हाला आमचं घर उघडून दाखवतील.